नागरी अक्षरे आणि ब्राउझर

होळकरांच्या इंदुरात मराठी आणि हिंदी ह्या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आल्या आहेत. १९९९ साली तेथील ‘नई दुनिया’ ह्या हिंदी दैनिकाच्या परिवारातून ‘वेबदुनिया’ हे संकेतस्थळ निघाले. पुढे ते मराठीतही वाचावयास मिळू लागले. इंटरनेटवरील पाने उघडून दाखविणारा ब्राउझर निवडणे ही त्या काळी केवळ आवडीची बाब नव्हती. पानाबरोबर फाँट पाठविण्याची इंटरनेट एक्स्प्लोररची रीत निराळी, नेटस्केपची निराळी. त्यामुळे एकात स्वच्छ उमटणारे नागरी अक्षर दुसऱ्यात पुष्कळदा निरर्थक चिन्ह होऊन बसे. मातृभाषा वाचावयाची तर ब्राउझर बदलणे भाग पडे!

ही अडचण युनिकोडने दूर केली. त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत नागरीला स्थान होते. परंतु संगणकांनी त्याचा अंगीकार करावयास काही वर्षे गेली. २००४ साली फायरफॉक्स आणि २००८ साली क्रोम आला. नेटस्केप २००८ मध्ये आणि एक्स्प्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला. आज क्रोम व एज हे दोघेही क्रोमियमच्या पायावर उभे आहेत, फायरफॉक्सचा पाया स्वतंत्र आहे. कचेरीस एज सोयीचा की घरी फायरफॉक्स बरा, हे आता ज्याने त्याने ठरवावे. त्या निवडीत मातृभाषा पणाला लागत नाही, हीच ह्या इतिहासाची खरी कमाई होय.