ओहोटीच्या कुंडांचा इतिहास

समुद्राला ओहोटी लागली की खडकाळ किनाऱ्यावरच्या खळग्यांत पाणी साचून राहते. कोकणच्या कातळावर हिंडलेल्या प्रत्येकाला ही लहानमोठी कुंडे परिचित आहेत. कोणी त्यांत खेकडे शोधतो, कोणी आसपासच्या खडकावरची कालवे काढतो. बहुतेक लोक पाय घसरू नये म्हणून त्यांना वळसा घालून पुढे जातात. परंतु या ओंजळभर पाण्यालाही इतिहास आहे. त्यातील तीन प्रकरणे आज आपल्यापुढे ठेवावीत असा माझा विचार आहे. ती घडली परदेशांत; पण त्यांतून उभा राहणारा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. निसर्गाची घडी किती विसकटली तर ती पुन्हा बसते, आणि किती विसकटली म्हणजे बसत नाही?

पहिले प्रकरण आहे प्रेमाने केलेल्या नुकसानीचे. १८५२ साली फिलिप हेन्री गॉस हा इंग्रज निसर्गाभ्यासक प्रकृतिस्वास्थ्यासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. तेथील कुंडांत त्याला समुद्रपुष्पे, प्रवाळ, रंगीबेरंगी शेवाळे आणि पारदर्शक झिंगे यांची एक सृष्टीच आढळली. गॉस मोठा श्रद्धाळू. ईश्वराच्या कारागिरीचे दर्शन इतरांनाही घडावे ही त्याची तळमळ होती. १८५३ मध्ये त्याने या किनाऱ्यावरील भटकंतीचे पुस्तक लिहिले आणि १८५४ मध्ये घरच्या घरी काचेच्या टाकीत समुद्रजीव कसे पाळावेत हे सांगणारे दुसरे. त्या टाकीसाठी ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द त्यानेच लोकप्रिय केला. काळही अनुकूल होता. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला होता आणि आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचू लागली होती. दिवाणखान्यात समुद्र बाळगण्याची लाट आली. हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन हौशी मंडळी ओहोटीची वाट पाहू लागली.

त्याचा मुलगा एडमंड लहानपणी वडिलांबरोबर या कुंडांच्या काठी वाकून बसत असे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने लिहिले की, ती सृष्टी आता उरलेली नाही, संग्राहकांच्या झुंडींनी ती लुटून नेली. आणि आपल्या पुस्तकांनी हे घडविले याची जाणीव वडिलांना फार क्लेश देऊन गेली. बालपणीच्या स्मृतीत थोडी अतिशयोक्ती असू शकेल. पण मुद्दा उरतोच : ज्याने त्या कुंडांवर सर्वांत अधिक प्रेम केले, त्याच्याच लेखणीने त्यांच्याकडे जाणारी वाट रुंद केली.

दुसरे प्रकरण आहे उपायाने केलेल्या अपायाचे. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापुढील खडकांवर आदळले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. कॉर्नवॉलचा किनारा काळा पडू लागला. काहीतरी केले पाहिजे, आणि ते लोकांना दिसले पाहिजे, असा धोशा सुरू झाला. शासनव्यवहाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना हा धोशा चांगला ठाऊक असतो. विमानांनी जहाजावर बाँब टाकले आणि किनाऱ्यावर व लगतच्या समुद्रात तेल विरघळविणारी द्रावणे ओतली गेली. त्यांचे प्रमाण १०,००० टनांच्या घरात होते.

खडक धुऊन निघाले खरे. पण ती द्रावणे तेलापेक्षाही विषारी होती. खडकाला घट्ट चिकटून राहणारी, टोपीसारखे कवच असलेली लिंपेट नावाची गोगलगाय लाखोंनी मेली. ही गोगलगाय खडकावरचे शेवाळ खरवडून खात असते. ती जाताच सारा किनारा हिरव्या शेवाळाने झाकला गेला. त्यानंतर तपकिरी शेवाळांचे रान माजले. या रानाच्या ओलाव्यात लिंपेटची नवी पिढी वाढली, आणि ती इतकी वाढली की तिने रान फस्त केले व मग तीच उपाशी पडली. असे हेलकावे खात घडी पुन्हा बसण्यास अधिक धुतलेल्या ठिकाणी दहा वर्षे, काही जागी पंधरा वर्षेही लागली. याउलट गॉड्रेव्ही येथे सीलांचा वावर असल्यामुळे द्रावणे वापरली नव्हती. तेथे तेल येऊनही दोन-तीन वर्षांतच किनारा सावरला.

यावरून असे वाटेल की, कुंडांना कशाचाही धक्का न लागणे हेच उत्तम. तिसरे प्रकरण हा समज दुरुस्त करते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जेन लुब्चेंको या विदुषीने कुंडांतील पेरिविंकल जातीच्या गोगलगायींचा अभ्यास केला व १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कुंडात गोगलगायी फार थोड्या, तेथे एकच कोवळे हिरवे शेवाळ इतरांना दडपून टाकी. ज्यात त्या फार, तेथे त्यांना न रुचणारे चिवट शेवाळ तेवढे उरे. मध्यम संख्या असेल तेथे सर्वाधिक जाती एकत्र नांदत. मात्र कुंडाबाहेरच्या उघड्या खडकावर हाच नियम लागू पडत नसे. कारण तेथे वरचढ असलेले शेवाळ गोगलगायींच्या आवडीचे नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, वेन सूझा याने दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील धोंड्यांविषयी लिहिले. लहान धोंडे लाटांनी वारंवार उलटतात, म्हणून त्यांवर थोड्याच जाती तग धरतात. फार मोठे धोंडे क्वचितच हलतात, म्हणून तेथे एका तांबड्या शेवाळाचे साम्राज्य होते. सर्वाधिक विविधता आढळली ती मधल्या धोंड्यांवर. जोसेफ कॉनेल याने १९७८ साली अरण्ये व प्रवाळभित्ती यांच्या संदर्भात हाच विचार मांडला होता. पुढे त्याला अनेक अपवाद निघाले आणि त्यावर वाद झाले, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हा धक्का हा मुळातच शत्रू नव्हे. आपल्या कोकणातील कुंडे वैशाखात तापतात, पावसाळ्यात गोड्या पाण्याने भरतात; ते सोसण्याची शक्ती तेथील जीवांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे. पण संग्राहकाची छिन्नी किंवा द्रावणाचा पिंप हे त्या ऋतुचक्रातले नाहीत. त्यांना विसावा नसतो, किंवा ते खाणारा आणि खाल्ला जाणारा यांतला एक दुवाच पुसून टाकतात. १९८७ साली मालवण येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. अशा ठिकाणी काय करावे याचा विचार आपण पुष्कळ करतो. काय करू नये याचाही तितकाच व्हावयास हवा. गॉड्रेव्हीच्या खडकांना नेमके तेच लाभले. पुढच्या ओहोटीला आपण एखाद्या कुंडाशी थांबलात, तर उचललेला दगड पाहून झाल्यावर होता तसा पुन्हा ठेवावा, एवढीच विनंती. त्याच्या खालची बाजू हे कोणाचे तरी घर असते.