बेगमपेटच्या पत्र्याची होडी

मंडळी, हैदराबादच्या मराठी माणसांचा इतिहास निघाला की ठरलेली नावं येतात. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, विवेक वर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय. वकील, मास्तर, चळवळीतली माणसं. ती यायलाच हवीत. पण काचीगुडा, गौलीगुडा, कुतबीगुड्याच्या घरांतून सकाळी डबा घेऊन काही माणसं लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपला जायची, काही ऑल्विनला, प्रागा टूल्सला, बेगमपेटच्या विमानतळावर जायची. त्यांच्याबद्दल लिहिलेलं मला फारसं सापडत नाही. ही माणसं भाषणं करत नव्हती, डायऱ्या लिहीत नव्हती. माझ्या आजोबांनी मागे एकही कागद ठेवला नाही. ठेवली ती एक ॲल्युमिनियमची होडी. गेल्या दोन वर्षांत ती दुरुस्त करताना तिच्यावर जे वाचायला मिळालं, ते सांगतो.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. मूळचे नांदेडकडचे. महायुद्धाच्या काळात ते बंगळुरूला गेले, हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या मदतीने १९४० मध्ये सुरू केला. पुढे युद्ध पेटलं आणि तिथं अमेरिकन वायुसेनेची विमानं दुरुस्तीला येऊ लागली. रिव्हेट ठोकायला अण्णा तिथंच शिकले. मग हैदराबादला परतून डेक्कन एअरवेजमध्ये लागले. निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून १९४५ मध्ये काढलेली ही कंपनी; तिची डाकोटा विमानं बेगमपेटहून उडायची. प्रेम माथुर, म्हणजे देशातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक, याच कंपनीत होत्या. ऑगस्ट १९५३ मध्ये सगळ्या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स झाली. अण्णांचं काम तेच राहिलं, पगारपत्रकावरचं नाव बदललं.

मग आलं १९५६. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात. आपल्यापैकी किती घरांत तेव्हा रात्र रात्र बोलणी झाली असतील! आमचं गाव तिकडे, नोकरी इकडे. भाऊबंदांची पत्रं यायची, की परत या, इथं आपलं राज्य झालंय, तिथं तेलुगूत तुम्हाला कोण विचारतो. आजी सांगायची की अण्णांनी एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. १९५८ च्या उन्हाळ्यात त्यांनी भंगाराच्या लिलावातून विमानाचे पत्रे आणले आणि अंगणात होडी बांधायला घेतली.

होडी कशासाठी? तर माशांच्या शिकारीसाठी. आपल्याकडे गळ टाकायला शिकारच म्हणतात, हौ ना? गंडीपेट आणि हिमायतसागर हे दोन्ही तलाव १९०८ च्या मुशी नदीच्या पुरानंतर बांधलेले, एक १९२० मधला, दुसरा १९२७ मधला. रविवारी छडी घेऊन जाणाऱ्यांत नवाबांकडचे लोक असायचे, सिकंदराबादचे लष्करी असायचे आणि अण्णांसारखे फिटरही. तलावातल्या या शिकारीवर एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८८७ मध्ये 'टँक अँगलिंग इन इंडिया' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय, इतका हा नाद जुना.

अण्णांना नाद मरळीचा. तेलुगूत कोर्रमीनु, आज तेलंगणाचा राज्यमासा. मृगाच्या वेळी दम्याच्या औषधासाठी नामपल्लीला रांगा लागतात तो हाच मासा. मरळ राहते कडेच्या गवतात, कमळाच्या पानांखाली. हवेतला श्वास घ्यायला ती वर येते, तेवढा एक बुडबुडा दिसतो, आणि नेमकं तिथं बेडूक फेकावं लागतं. काठावरून हे जमत नाही, कारण मध्ये वीस-तीस फूट चिखल आणि गवत. लाकडी होडी जड, गवतात अडकते. म्हणून सपाट बुडाची, चार-पाच इंच पाण्यावर तरंगणारी, दोघांना उचलता येईल अशी पत्र्याची होडी.

गंमत अशी की हाच विचार त्याआधी थोडी वर्षं अमेरिकेत झाला होता. ग्रुमन ही लढाऊ विमानांची कंपनी. तिचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ मध्ये लाकूड-कापडाची जड होडी खांद्यावरून वाहून कंटाळले आणि म्हणाले, हीच विमानाच्या पत्र्याची का करू नये? युद्ध संपताच कंपनीने ॲल्युमिनियमच्या होड्या काढल्या आणि हळूहळू तिकडच्या मासेमारीचं रूपच पालटलं. अण्णांनी ग्रुमनचं नाव ऐकलं होतं का, कोण जाणे. मला वाटतं, तसं ऐकायची गरजही नव्हती. ज्याच्या हाताला हलका पत्रा आणि रिव्हेट ठाऊक, त्याला पाणी दिसलं की हेच सुचणार.

अण्णा १९८१ मध्ये गेले. त्यानंतर होडी आमच्या परसात उपडी पडून होती. तिच्यावर कोंबड्या बसल्या, पापड वाळले, एकदा पत्राबाजारवाला वजनकाटा घेऊनच आला. लांबी बारा फूट. मागची लाकडी फळी कुजलेली, पोलादी बोल्टांभोवती पांढरी भुकटी. दोन धातू एकमेकांना चिकटले आणि पाणी मिळालं, की ॲल्युमिनियम स्वतःला खाऊ घालतं, त्याची ती भुकटी.

पहिला वेल्डर बघून म्हणाला, "साब, पूरा आर्गन वेल्डिंग मार देता, सब रिव्हेट निकाल के. नवी चकाचक." आणि ग्राइंडर चालू करायला निघाला. मी म्हटलं नको, आधी रंग तरी काढू. रंग औषधाने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला. तारेचा ब्रश वापरला नाही, त्याचे पोलादी कण पत्र्यात रुततात आणि तिथून नवं गंजणं सुरू होतं. आणि मागच्या बैठकीखाली फिकट शाईची अक्षरं निघाली: अल्क्लॅड २४ एस-टी.

विमानाच्या कामातून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत, त्यांना बोलावलं. ते अक्षरांकडे बघत उकिडवेच बसले. हा युद्धकाळातला विमानाचा पत्रा, आज त्या मिश्रधातूला २०२४ म्हणतात. त्यात तांबं असतं म्हणून तो कणखर, पण तांब्यामुळेच लवकर गंजतो. म्हणून दोन्ही बाजूंनी त्याला शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. आमचा पत्रा साधारण एक मिलिमीटर, आणि त्यात हा थर एका बाजूला जेमतेम पाच टक्के. ग्राइंडर फिरला असता तर होडी चकचकली असती आणि तिचं कातडं निघून गेलं असतं. शिवाय हा धातू असा वेल्ड करायला गेलं की कडेने तडकतो. म्हणजे वेल्डिंगचा प्रश्नच मिटला.

आतून हिरवट पिवळा रंग निघाला, विमानात लावायचे तो झिंक क्रोमेट. हा विषारी आहे. कुणी जुनी वस्तू उघडणार असाल तर तो घासू नका, धूळ छातीत जाते. आम्ही तो तसाच ठेवून वरून रंग दिला.

आता रिव्हेट. प्रत्येकाच्या डोक्यावर मधोमध टाचणीच्या टोकाएवढी खळी होती. ही विमानाच्या रिव्हेटची खूण, धातू कोणता ते सांगणारी. तिचा आणखी एक उपयोग, रिव्हेट काढायचा तर ड्रिल बरोबर मध्यावर बसतं. आणि बुडाला एक्केचाळीस रिव्हेट असे सापडले की जे काहीच धरून नव्हते. आतल्या बाजूला ना पट्टी, ना फासळी. पत्रा विमानावर होता तेव्हा तिथं फासळी होती. तिची भोकं अण्णांनी एकेक करून बुजवलेली. डाकोटाचा सांगाडा त्या ओळीत उमटून राहिलाय.

गळती शोधायची रीत उलटी आहे. होडी पाण्यात ठेवायची नाही, पाणी होडीत भरायचं. खाली जागोजागी लाकडी ठोकळे द्यायचे, कारण तीन इंच पाणी म्हणजे आमच्या होडीत अडीचशे लिटर, अडीचशे किलो. मग खाली आडवं होऊन टॉर्च मारायचा आणि जिथं थेंब दिसेल तिथं खूण करायची. सगळ्यात जास्त खुणा त्या एक्केचाळीसांतच झाल्या.

रिव्हेटचं काम एकट्याने होत नाही. बाहेरून एक जण ठोकतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा धरतो. ठोकळ्यावर शेपटी दबून पसरते. व्यास एक असेल तर शेपटी दीडपट रुंद आणि निम्मी उंच व्हायला हवी, असा हिशोब. ठोकळा जरा कलला की शेपटी वाकडी. आता, आमच्या घरात आजीची एक गोष्ट होती की "ही होडी मी बांधली." आम्ही हसायचो. ती मासे खात नव्हती, होडीत कधी बसली नाही, तलावाकडे फिरकली नाही. माझे काका तर म्हणायचे, म्हातारीला मोठेपणा हवा.

मी होडीच्या आत टॉर्च घेऊन सगळ्या ओळी बघितल्या. पुढच्या टोकाकडच्या पहिल्या दोन ओळींत शेपट्या वाकड्या, एका बाजूला लोळलेल्या. तिसरीत निम्म्या बऱ्या. मधल्या फासळीपासून मागे एकजात गोल, चपट्या, मापाच्या. बाहेरून बघाल तर डोकी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी, ठोकणारा हात मुरलेला. आत बसलेला हात मात्र त्याच होडीत शिकत गेलेला. निवृत्त शेजाऱ्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे वर्कशॉपमधलं माणूस नाही. पण शेवटी वर्कशॉपच्या बरोबरीला आलंय."

एप्रिल-मे महिना, पत्रा तापलेला, उपड्या होडीखाली घुसून हातात दोन किलोचा ठोकळा. तेव्हा आजी तिशीची, पदरी तीन मुलं. नांदेडहून आलेल्या पत्रांवर तिचं मत कुणी विचारलं होतं का, हे घरात कुणाला सांगता येत नाही.

त्या पहिल्या दोन ओळी मी बदलल्या नाहीत. गळत होत्या त्या मागून ठोकळा लावून पुन्हा दाबल्या, वर सीलंट. अगदीच निकामी झालेले अकरा रिव्हेट काढून त्याच जातीचे नवे घातले. ठोकळा धरला माझ्या थोरल्या बहिणीने, वय चौसष्ट. मागची फळी नवी सागवानी, बोल्ट स्टेनलेसचे आणि प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर. बैठकींखाली फोम, म्हणजे उलटली तरी बुडणार नाही. आत काथ्याची चटई, कारण पत्र्यावर टाच आपटली की मरळीला तलावभर दवंडी.

मेदक बाजूच्या एका तलावावर मच्छीमार सोसायटीला रीतसर पैसे भरून जानेवारीत होडी पाण्यात घातली. चार तासांत वाटीभर पाणी आत आलं, दोन मरळी लागल्या, एक सोडली. पावसाळ्यात मात्र जाणार नाही. तेव्हा मरळ आपल्या लाल पिलांवर पहारा देत असते आणि गळावर तुटून पडते, तिला तेव्हा धरणं बरं नव्हे.

आता तुमच्याकडे मागणं. बेगमपेट, लालागुडा, ऑल्विन, प्रागा, टांकसाळ, यांपैकी कुठं तुमच्या घरातलं कुणी हाताचं काम करत असेल तर त्यांनी बनवलेली एखादी वस्तू बघा. पेटी, पाळणा, पाट्याचा स्टँड, काहीही. उलटी करून बघा, आणि फोटो काढताना आतली बाजू काढा. आणि घरातली म्हातारी "हे मी केलं" म्हणत असेल, तर तेही लिहून पाठवा.