दोन घड्याळांचा विसंवाद

आमच्या कॉलेजांतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध अध्यापकांचा सत्कार आम्हीं गेल्या वर्षीं केला. एका तरुण सहकाऱ्यानें त्यांचें भाषण कॅमेऱ्यांत टिपून ठेविलें. पुढें थोड्याच महिन्यांत ते निवर्तले. त्यांच्या घरच्या मंडळींसह आम्ही तें चित्रण पाहावयास बसलों, तों त्या प्रसन्न मुखावरून काळसर-पिवळे पट्टे एकसारखे थरथरत चाललेले! कॅमेरा बिघडला, असें जो तो म्हणूं लागला. वस्तुतः कॅमेरा निर्दोष होता. दोष होता तो दोन घड्याळांच्या विसंवादांत, आणि त्या विसंवादाचा इतिहास शतकाहून अधिक जुना आहे.

पहिलें घड्याळ चित्रयंत्राचें. ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें १८९५ सालीं पॅरिस येथें, आणि ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविलीं गेलीं, तेव्हां सेकंदास सुमारें १६ चित्रें पडद्यावर पडत. एक चित्र जाऊन दुसरें येईतों शटर प्रकाश अडवी, म्हणून पडदा लुकलुके. पुढें शटरला तीन पातीं बसवून प्रत्येक चित्र तीनदां झळकविण्याची युक्ति निघाली. १६ चित्रांचे ४८ झोत झाले आणि डोळ्याची समजूत पुष्कळशी पटली.

दुसरें घड्याळ विजेचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत वेस्टिंगहाउसनें सेकंदास ६० आवर्तनांचा प्रवाह पत्करला, तर जर्मनींत ए.ई.जी.नें ५० आवर्तनांचा. आपल्याकडेही ५० च रूढ आहेत. प्रत्येक आवर्तनांत प्रवाह दोनदां शून्यावर येतो. म्हणजे आपला दिवा सेकंदास १०० वेळां मंदावतो. तापलेली तार तेवढ्या क्षणांत फारशी निवत नाहीं. परंतु १९३८ पासून बाजारांत आलेल्या ट्यूबलाइटची गोष्ट निराळी. जुन्या चोकवर चालणाऱ्या नळीचा प्रकाश खरोखरच उतरतो-चढतो. शिवाय तिच्या लेपांतील निरनिराळे रंग सारख्या वेगानें मावळत नाहींत. उजेडाबरोबर रंगही पालटतो, तो असा. हलक्या प्रतीच्या एल.ई.डी. दिव्यांतही ही लुकलुक आढळते.

दूरचित्रवाणीच्या आद्य रचनाकारांस हीं दोन घड्याळें ठाऊक होतीं. म्हणूनच बी.बी.सी.नें १९३६ सालीं आपल्या ५० आवर्तनांच्या विजेशीं जुळतीं अशीं सेकंदास २५ चित्रें ठरविलीं, अमेरिकेनें ३०. आपल्या दूरदर्शननेंही २५ चाच मार्ग धरला.

आजच्या कॅमेऱ्यांत ही जाणीव यंत्राच्या पोटांत दडली आहे. त्यांतील सी-मॉस सेन्सर बहुधा सबंध चित्र एकदम टिपीत नाहीं. ओळीमागून ओळ टिपतो. शटरचा अवधि फार अल्प असला, तर एका ओळीच्या वांट्यास दिव्याची भरती येते, तर दुसरीच्या वांट्यास ओहोटी. तेच पट्टे! आमच्या सहकाऱ्यानें चित्र ठसठशीत यावें म्हणून अवधि सेकंदाचा २५० वा भाग ठेविला होता, आणि कॅमेरा अमेरिकन पद्धतीनें ३० चित्रें मोजीत होता.

उपाय अगदीं साधा आहे. आपल्याकडे अवधि सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवावा. अमेरिकेंत ६० वा किंवा १२० वा. मग प्रत्येक ओळीस दिव्याचीं पूर्ण स्पंदनें मिळतात आणि उजेड समान पडतो. चित्रांची गति येथें २५ ठेवावी. अंधुक केलेल्या एल.ई.डी. दिव्याची लुकलुक पुष्कळदां विजेच्या आवर्तनांशीं बांधलेली नसते. तेथें दिवा पूर्ण तेजानें लावावा, अथवा बदलावा. सर्वांत महत्त्वाचें हें, कीं समारंभापूर्वी त्याच दिव्यांखालीं घटकाभर चित्रण करून तें मोठ्या पडद्यावर पाहावें. मागाहून संगणकावर पट्टे कांहींसे पुसतां येतात, सर्वस्वी नव्हे.

हें ज्ञान आम्हांस उशिरा झालें. त्या घरीं तें चित्रण आतां डोळे मिटून ऐकतात. कारण आवाज मात्र स्वच्छ आला आहे.