छिंदवाड्याचे दोन पत्ते

आजचा विषय पत्त्यांचा आहे, आणि त्यासाठी आपल्याला जबलपूरला जायचं आहे.

जबलपूरच का? १८७० साली मुंबईकडून येणारी जीआयपी रेल्वे आणि कलकत्त्याकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे याच गावात एकमेकींना भेटल्या. पुढे १९४२ मध्ये इथं टेलिफोन-तार खात्याचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. रिज रोडवरची ती संस्था आज बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं ओळखली जाते. ट्रंक लाइनींच्या काळापासून ते आयपी नेटवर्कच्या काळापर्यंत इथं अभियंते घडत आले. म्हणजे नंबर कसा द्यायचा आणि त्या नंबरवरून वाट कशी काढायची, हा या गावाचा जुना अभ्यास आहे.

आता जरा तुमचा जुना डायरीतला एसटीडी कोड आठवा. नागपूर ०७१२, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२. जबलपूर ०७६१, मंडला ०७६४२, कटनी ०७६२२. काही दिसतंय का? नागपूरच्या आसपासची गावं ०७१ मध्ये, जबलपूरच्या आसपासची ०७६ मध्ये. दूरच्या एक्स्चेंजला प्रत्येक गावाची वाट पाठ असण्याची गरज नाही. सुरुवातीचे अंक पाहून कॉल योग्य दिशेला ढकलला की काम झालं. उरलेले अंक पुढचं केंद्र वाचेल.

मग छिंदवाडा? ०७१६२. बैतूल? ०७१४१. दोन्ही मध्य प्रदेशात, पण कोड नागपूरच्या गटातले! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य फुटलं, नागपूरचं उच्च न्यायालय जाऊन मध्य प्रदेशाचं जबलपूरला बसलं. भारतातला पहिला एसटीडी कॉल त्यानंतरचा, १९६० चा, लखनऊ ते कानपूर. म्हणजे कोड आले तेव्हा नवी सीमा ठरलेली होती. तरी टेलिफोनवाल्यांनी या दोन जिल्ह्यांना नागपूरशीच जोडलं. माझ्या मते त्यांनी सीमा पाहिली नाही, तारा पाहिल्या. पांढुर्णा-मुलताईकडच्या मराठी घरांना यात काही नवल वाटणार नाही.

टपालखात्यानं मात्र उलट केलं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या योजनेत पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश हा पट्टा (आता छत्तीसगडही). नागपूर ४४०, जबलपूर ४८२. आणि छिंदवाडा ४८०! टपालाच्या लेखी छिंदवाडा जबलपूरच्या शेजारचा, टेलिफोनच्या लेखी नागपूरच्या शेजारचा. गाव एकच, पत्ते दोन, आणि दोन्ही बरोबर. कारण पत्ता गावाचा नसतो हो, पत्ता त्या जाळ्यातल्या जागेचा असतो.

हे एवढं कळलं की संगणकाचं पुढचं सोपं जातं. आपल्या क्लासमध्ये पोरं सबनेटची कोष्टकं घोकतात, पण ती कशासाठी आली हे विचारत नाहीत. सांगतो.

१९८१ साली आयपीची चौथी आवृत्ती ठरली. ३२ बिटांचा पत्ता, सुमारे ४२९ कोटी नंबर. ते ठरावीक मापाच्या गठ्ठ्यांत वाटायचे: 'सी' वर्गाचा गठ्ठा २५४ यंत्रांचा, 'बी' वर्गाचा ६५,५३४ यंत्रांचा. आता समजा एका कॉलेजात ६०० संगणक आहेत. 'सी' पुरत नाही आणि 'बी' घेतला तर ६४ हजारांहून जास्त नंबर पडून राहतात. तीन-चार 'सी' घेतले तर जगभरच्या मुख्य राउटरांना त्या एका कॉलेजसाठी तीन-चार नोंदी ठेवाव्या लागतात. १९९० नंतर या नोंदी इतक्या भराभर वाढू लागल्या की राउटरांची स्मृती पुरेल की नाही, अशी खरीच भीती निर्माण झाली होती.

१९९३ मध्ये उपाय निघाला: वर्ग मोडा, आणि किती बिटांपर्यंत सुरुवात समान आहे तेवढं सांगा. आपल्या कॉलेजला १९२.१६८.४.० पासून १९२.१६८.७.२५५ पर्यंत चार गठ्ठे द्या. पहिले २२ बिट सगळ्यांचे समान. बाहेरच्या राउटरला एकच नोंद पुरे: १९२.१६८.४.०/२२. आत १,०२२ यंत्रं बसतात. पण हेच चार गठ्ठे ५ पासून ८ पर्यंत घेतले तर? जमत नाही. ४, ५, ६, ७ यांचे वरचे बिट सारखे, ८ ला ते बदलतात. वहीत द्विमान पद्धतीनं लिहून बघा, पाच मिनिटांत पटेल. परीक्षेत इथंच गुण जातात आणि नोकरीत इथंच रात्री जागाव्या लागतात.

राहिला छिंदवाड्याचा प्रश्न. एखादी शाखा पत्त्यानं एका गटात आणि तारेनं दुसऱ्या गटाला जोडलेली असली तर काय करायचं? राउटरमध्ये मोठ्या गटाची नोंद राहू द्यायची आणि त्या शाखेची लांब, नेमकी नोंद वेगळी घालायची. जी जास्त बिटांपर्यंत जुळते ती नोंद जिंकते. चालतं हे. फक्त अशी प्रत्येक सवलत दूरच्या राउटरांनाही एक ओळ जास्त लक्षात ठेवायला लावते. म्हणून नेटवर्क आखताना आधी तारा कुठून जातात ते कागदावर काढा, नंबर मग वाटा. ऑफिसातल्या विभागांची यादी पुढ्यात घेऊन नंबर वाटणारे मी बरेच पाहिलेत. दोन वर्षांत विभाग बदलतात आणि सगळी वाटणी पुन्हा करावी लागते.

पुढच्या भागात १२८ बिटांचे पत्ते घेऊ. तोवर ५ ते ८ चं गणित करून ठेवा.