तळटीप ७ : नळदुर्ग
७. नळदुर्ग : बोरी नदीकाठचे गाव, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीचे कर्ते मेडोज टेलर (१८०८–१८७६) येथे अधिकारी होऊन आले. मजकुरातील 'पाण्यामागची खोली' म्हणजे येथल्या किल्ल्यातला पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, नदीवर धरण घालून त्याच्या पोटातच तो बांधला. पावसाळ्यात धरणावरून 'नर' व 'मादी' हे धबधबे कोसळतात आणि आत बसलेला माणूस कोरड्या अंगाने समोरून पडणारे पाणी पाहतो. समुद्रापासून इतक्या दूर, अवर्षणाच्या मुलखात, पाण्याशेजारी राहण्याचे असे सुख फार थोड्या गावांना लाभले आहे. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला.