यजमान कॉम्प्युटर, पाहुणा कॉम्प्युटर

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांबद्दल लिहायचं म्हटलं की होळकरशाही, मोडी कागद, जुने वाडे, गणेशोत्सव हे सगळं येतंच, आणि यायलाच हवं. पण घरोघरचे हे कागद आणि फोटो कॉम्प्युटरमध्ये कसे आले, आणि एका घरातून दुसऱ्या घरात कसे पोचले, हाही आता इतिहासच झाला आहे. साधारण १९९५ ते २००५ ही ती दहा वर्षं. त्या काळातल्या एका वायरीबद्दल आज लिहितो.

तेव्हा बऱ्याच घरांत कुलवृत्तांताचं काम निघालं होतं. घरातली मुलं मराठी टायपिंग शिकली होती, कुणाकडे तरी स्कॅनर आला होता. वंशावळ एका घरी टाइप व्हायची, फोटो दुसऱ्या घरी स्कॅन व्हायचे. मग प्रश्न यायचा, हे एकत्र कसं करायचं?

फ्लॉपीत मावायचं १.४४ एमबी. सहा बाय चार इंचांचा एक फोटो ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून तसाच ठेवला, तर तो सहा एमबीच्या वर जायचा. म्हणजे आजोबांच्या एका फोटोला पाच फ्लॉप्या! फाइलचे तुकडे करून भरायचे आणि चौथी फ्लॉपी रुसली की सगळं मुसळ केरात. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागायची ती वेगळीच. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं खरं, पण ते आधी महानगरांत. आपल्याकडे आलं तेव्हाही फोनच्या तारेवरून असा फोटो पाठवणं म्हणजे बिलाला आमंत्रण.

उपाय होता दोन कॉम्प्युटर थेट वायरने जोडायचा. ही युक्ती विंडोजच्याही आधीची. अमेरिकेत ट्रॅव्हलिंग सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने १९८३ मध्ये ‘लॅपलिंक’ काढलं. सॉफ्टवेअर आणि सोबत खास वायर. पुढे १९९३ च्या डॉस ६ मध्ये ‘इंटरलिंक’ आणि ‘इंटरसर्व्हर’ हे दोन प्रोग्राम फुकट मिळाले. दुसऱ्या कॉम्प्युटरची डिस्क आपल्या पडद्यावर एक नवीन ड्राइव्ह म्हणून दिसायची. विंडोज ९५ मध्ये हीच सोय ‘डायरेक्ट केबल कनेक्शन’ नावाने आली.

वायरीची खुबी फार साधी. फोनमध्ये माझं बोलणं तुमच्या कानाशी यावं लागतं. इथेही तसंच. एकाची पाठवायची पिन दुसऱ्याच्या घ्यायच्या पिनेला जोडायची. साधी सरळ वायर लावली तर दोघांची तोंडं समोरासमोर आणि ऐकणारं कुणीच नाही. म्हणून आतल्या तारा उलटसुलट कराव्या लागत. सिरियल पोर्टची अशी वायर सेकंदाला फार तर साडेअकरा हजार अक्षरं न्यायची. हिशेब करा, वरचा फोटो जायला नऊ मिनिटांच्या वर. वीस फोटो म्हणजे तीन तास! प्रिंटरच्या पोर्टमधून जोडलं तर काम बरंच लवकर व्हायचं.

नंतर नेटवर्क कार्डं स्वस्त झाली आणि ‘क्रॉस केबल’ आली. एका टोकाला नारिंगी जोडी जिथे, तिथे दुसऱ्या टोकाला हिरवी. १ नंबरची पिन ३ ला, २ नंबरची ६ ला. एका कॉम्प्युटरला पत्ता द्यायचा १९२.१६८.०.१, दुसऱ्याला १९२.१६८.०.२. फोल्डर शेअर केलं की त्याखाली एक हात दिसायचा, कुणीतरी ताट पुढे केल्यासारखा. नऊ मिनिटांचा फोटो आता डोळ्याचं पातं लवेपर्यंत पोचायचा. आणि ज्या चित्रावर क्लिक करून आत शिरायचं त्याचं नाव ‘नेटवर्क नेबरहुड’, म्हणजे चक्क शेजार!

त्याहून गंमत विंडोज ९५ ची. जोडणी करताना ते विचारायचं, तुम्ही होस्ट की गेस्ट? यजमान की पाहुणे? ज्याच्याकडे फाइल आहे तो यजमान, ज्याला हवी तो पाहुणा. आमच्याकडे हे शब्दशः खरं व्हायचं. वायर दोन-चार मीटरची, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर एका खोलीत हवेत. मग रविवारी आतेभाऊ सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरवर मांडीत धरून आणायचा. फाइली जाईपर्यंत पोहे व्हायचे, चहा व्हायचा. थोरले काका पडद्यावरचा फोटो बघून सांगायचे, “अरे, ही धारची मावशी नव्हे, ही महेश्वरची.” नावं तिथल्या तिथे दुरुस्त व्हायची. फोटोमागची निम्मी माहिती अशीच गोळा झाली.

या सगळ्यातून जे उरलं ते मोलाचं. प्रत्येक जोडणीनंतर दोन घरांत दोन पूर्ण प्रती राहायच्या. काकांचा कॉम्प्युटर एका पावसाळ्यात विजेने जळाला. हार्डडिस्क गेली. पण आत्याकडे देवासला सगळं होतं. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरं बसवायचे. तो फॉन्ट नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. आतेभावाने फाइलींबरोबर फॉन्टही उतरवून घेतला होता, म्हणून सात पिढ्यांची नावं पुन्हा दिसली.

आज क्रॉस केबल लागत नाही. नवी पोर्टं तारा कुठल्या बाजूच्या ते आपणच ओळखतात, साध्या लॅन केबलने दोन लॅपटॉप अजूनही थेट जोडता येतात. पण आपण फोटो मोबाइलवरून पाठवतो, तो बहुधा आक्रसून पोचतो. मूळ फाइल एकाच्याच खात्यात, आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात. तो माणूस गेला की फोटोही गेले.

म्हणून एक विनंती. माळ्यावर जुना सीपीयू असेल तर भंगारात देण्याआधी त्याची हार्डडिस्क काढून घ्या. जुन्या डिस्क यूएसबी अडॅप्टरने वाचता येतात. मराठी फाइल सापडली तर तिचा फॉन्टही शोधून घ्या, मजकूर युनिकोडमध्ये बदला, आणि एक पूर्ण प्रत दुसऱ्या घरी ठेवा. शक्य तर स्वतः जाऊन द्या. सोबत घरातलं कुणी म्हातारं माणूस असू द्या, नावं सांगायला.

तुमच्याकडे कोण यजमान होतं आणि कोण पाहुणा, तेही जरूर सांगा.