नांट फ्रँकॉन : डोळ्यांसमोरची दरी



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच दरी निवडली आहे. वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात एरिरी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. इंग्रज त्याला स्नोडोनिया म्हणत आले. त्या मुलखात ओग्वेन नावाचं एक उथळ तळं आहे. तळ्यातून ओग्वेन नदी निघते, लगेच खडकांवरून खाली उडी घेते आणि एका रुंद, सपाट तळाच्या दरीतून उत्तरेला बेथेस्डा गावाकडे जाते. या दरीचं नाव नांट फ्रँकॉन. एका बाजूला ग्लिडराय डोंगर, दुसऱ्या बाजूला कार्नेदाय. तळ्याच्या वर ट्रिव्हनचा 917 मीटरचा खडकाळ सुळका. दरीत गवत, दगडी बांध, मेंढ्या आणि थोडी घरं. बघणारा म्हणतो, काय निसर्ग आहे!

हा 'निसर्ग' शब्द जरा बाजूला ठेवू या. माझं म्हणणं एवढंच आहे की दरी बघणं आणि दरी वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि वाचायला शहाण्या माणसालाही वेळ लागतो.

याचा पुरावा याच दरीत आहे. ऑगस्ट 1831 मध्ये इथे दोन माणसं आली. एक केंब्रिजचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक ॲडम सेजविक. दुसरा बावीस वर्षांचा विद्यार्थी, चार्ल्स डार्विन. दरीच्या वरच्या टोकाला कूम इडवाल नावाचं हिमगव्हर आहे, म्हणजे डोंगराच्या कुशीतला मोठा वाडगाच म्हणा. तिथे दोघांनी खडक बारकाईने तपासले. ते जीवाश्म शोधत होते, कारण हे खडक कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी आणि ज्वालामुखींच्या राखेतून तयार झालेले आहेत. काम नीट झालं. डार्विन घरी परतला तर बीगल जहाजावर जाण्याचं निमंत्रण येऊन पडलेलं होतं.

आता गंमत बघा. ज्या दगडांवर ते बसले असतील त्यांच्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे होते. तळ्याकाठी मातीदगडांचे ढिगारे होते, ज्यांना भूगोलाच्या पुस्तकात आपण हिमोढ म्हणतो. मोठमोठे धोंडे नको तिथे येऊन बसलेले होते. सगळं ओरडून सांगत होतं की इथे हिमनदी होती. दोघांनाही ते दिसलं नाही. कारण तो प्रश्नच तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. 1840 मध्ये लुई अगासी हा स्विस शास्त्रज्ञ ब्रिटनमध्ये आला, इथेही एके काळी बर्फाचं राज्य होतं असं त्याने मांडलं, आणि मग लोकांचे डोळे बदलले. डार्विन 1842 मध्ये पुन्हा या डोंगरांत आला, हिमनद्यांच्या खुणांवर निबंध लिहिला, आणि पुढे आत्मचरित्रात आधीच्या आंधळेपणाची मोकळेपणाने कबुली दिली.

आपल्या सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या. आपल्या दऱ्या पाण्याने कापल्या, म्हणून त्या बहुतेक व्ही आकाराच्या. नांट फ्रँकॉन यू आकाराची आहे. तळ सपाट, भिंती उभ्या. शेवटचा बर्फ इथून गेला तो साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वी.

इथवर दगडांचं झालं. पण डार्विनचा धडा माणसांच्या खुणांनाही लागू पडतो.

आधी ते हिरवे उतार घ्या. आपल्याला वाटतं, हे असेच होते. तसं नाही. बर्फ गेल्यावर इथे झाडी वाढली होती. ती माणसाने तोडली आणि गुरामेंढ्यांनी पुन्हा वर येऊ दिली नाही. कूम इडवालमध्ये काही छोटे तुकडे कुंपण घालून राखले, तर कुंपणाच्या आत झुडपं आणि हेदर वाढलं, बाहेर मात्र आखूड गवतच राहिलं. म्हणजे ते गवत शेकडो वर्षांच्या चराईने घडवलेलं आहे. वेल्शमध्ये दोन शब्द आहेत. 'हेंड्रे' म्हणजे खालचं, हिवाळ्याचं घर. 'हावोद' म्हणजे वरचं, उन्हाळ्यातलं घर. गुरांबरोबर कुटुंबं वर जायची आणि थंडी लागली की खाली यायची. आज ती रीत राहिली नाही, पण डोंगरावरच्या कितीतरी जागांच्या नावांत हावोद शिल्लक आहे.

मग रस्ता. दरीच्या कडेने एक सुरेख, बेताच्या चढाचा रस्ता जातो. तो टॉमस टेलफर्डने बांधला. काम 1815 ला सुरू झालं, आणि 1826 मध्ये मेनाई सामुद्रधुनीवरचा झुलता पूल झाल्यावर लंडन ते होलीहेड हा मार्ग सलग झाला. हा रस्ता वेल्श लोकांच्या सोयीसाठी नव्हता. 1801 मध्ये आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं. आता डब्लिनची टपाल आणि आयरिश खासदार लंडनला लवकर पोचायला हवे होते. वेल्सचे डोंगर मध्ये आले, एवढंच.

आणि आता दरीचं खालचं टोक. तिथे बेथेस्डाच्या डोक्यावर डोंगराचा एक भागच कापून काढलेला दिसतो, पायऱ्यापायऱ्यांनी. ही पेन्रिन खाण. इथे निघतो तो स्लेट, आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. तो पातळ फोडता येतो, म्हणून छपरांसाठी जगभर गेला. कौलांच्या आकारांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावं होती. मालकवर्गाच्या बायकांची पदं, आणि ती घडवणारे हात खाणकामगारांचे.

खाण मोठी केली रिचर्ड पेनंटने, म्हणजे पहिल्या लॉर्ड पेन्रिनने, 1780च्या दशकापासून. पैसा कुठून आला? जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून. तिथे गुलाम राबत होते. हा गृहस्थ लिव्हरपूलचा खासदार होता आणि गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या विरोधात संसदेत उभा राहत होता. पुढे गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा त्याच्या वारसाला 764 माणसांच्या बदल्यात 14,683 पौंड भरपाई मिळाली. भरपाई मालकाला, बरं का. त्या माणसांना काही नाही. म्हणजे या वेल्श डोंगराच्या पायऱ्यांमध्ये कॅरिबियनमधला घाम मुरलेला आहे. खाणीपासून थोड्या अंतरावर, समुद्राजवळ, पेन्रिनचा भलामोठा किल्लेवजा वाडा आजही उभा आहे.

खाणीतले कामगार वेल्श बोलणारे, स्वतंत्र चॅपलमध्ये जाणारे. गावाला बेथेस्डा हे नावसुद्धा 1820 मध्ये बांधलेल्या चॅपलवरून पडलं. मालक इंग्रजी बोलणारा, सरकारी चर्चचा. कामाची पद्धत अशी : कड्याचा एक पट्टा एका टोळीकडे द्यायचा आणि दगड बरा की वाईट ते पाहून महिन्याचा भाव ठरवायचा. याला 'बार्गेन' म्हणत. या पद्धतीत कामगाराला वाटे की मी नुसता मजूर नाही, कसबी माणूस आहे, माझं काम मी ठरवतो. जेवणाच्या झोपडीत, 'काबान'मध्ये, गाणी व्हायची, वादविवाद व्हायचे. 1884 मध्ये बँगरला कॉलेज निघालं, त्यासाठी या लोकांनी मजुरीतून पैसे दिले होते.

भांडण मुळात याच मानाचं होतं. मालकाला संघटना मान्य नव्हती आणि बार्गेनच्या जागी ठेकेदार आणायचे होते. 22 नोव्हेंबर 1900 रोजी सुमारे 2,800 माणसं अवजारं घेऊन बाहेर पडली. तीन वर्षं परतली नाहीत. 1901 मध्ये खाण पुन्हा उघडली आणि काही जण कामावर गेले. तेव्हा बाकीच्यांनी घरांच्या खिडक्यांत पाट्या लावल्या, या घरात कुणी गद्दार नाही अशा अर्थाच्या. गाव उभं दुभंगलं. शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. गायकांची पथकं गावोगाव फिरून मदत गोळा करत होती. कितीतरी जण दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींत निघून गेले. नोव्हेंबर 1903 मध्ये संप मोडला. मालक जिंकला, पण बेथेस्डा पूर्वीसारखं झालं नाही, आणि ती कटुता घरोघरी पिढ्यान् पिढ्या टिकली.

यानंतर दरीवर पाट्या लागत गेल्या. 1951 मध्ये एरिरी राष्ट्रीय उद्यान झालं. 1954 मध्ये कूम इडवाल हे वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं. 2021 मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा स्लेट-प्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला. 2022 मध्ये उद्यानाने ठरवलं की स्नोडोनियाऐवजी एरिरी हेच नाव वापरायचं.

यात एक विसंगती आहे. दरीच्या वरच्या टोकाला आपण 'निसर्ग' म्हणून जपतो आणि खालच्या टोकाला 'उद्योगाचा वारसा' म्हणून. मध्ये जेमतेम काही मैल. पण वरचं गवत माणसाने घडवलं आहे, आणि खालचा दगड समुद्राने. दरी एकच आहे. आपण तिचे दोन विभाग केले ते आपल्या सोयीसाठी. आणि तसं केलं की मधले लोक गळतात : हावोदवर राहणाऱ्या बायका, पट्टा फोडणारी टोळी, आणि समुद्रापलीकडच्या मळ्यातले ते 764.

आज त्या खाणीवरून पर्यटक तारेला लोंबकळत सुसाट जातात. जावं की. त्याला माझा विरोध नाही. फक्त खाली उतरल्यावर एकदा मागे वळून त्या पायऱ्यांकडे बघावं. डार्विनसारख्या माणसाला दरी दिसायला अकरा वर्षं लागली आणि दुसरी फेरी मारावी लागली. आपल्यालाही दुसरी फेरी मारायला कमीपणा वाटायचं कारण नाही. जाताना मनात प्रश्न मात्र नवा हवा.